ल्युसिड ड्रीमिंग कोणालाही शिकता येते का? सरावाची पद्धत आणि तिच्या मर्यादा

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ अशी जाणीव झाली, की त्या स्वप्नाला ल्युसिड ड्रीम किंवा सजग स्वप्न म्हणतात. ही जाणीव सरावाने आणता येते का, या प्रश्नाला हल्ली दोन टोकांची उत्तरे ऐकायला मिळतात. काही जण आठवडाभरात हमखास जमेल असे सांगतात, तर काहींच्या मते ही जन्मजात देणगी असते आणि ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी त्या नादी लागू नये. आजवरचे संशोधन वाचून आणि स्वतः सराव करून माझे मत असे झाले आहे की, ज्यांची झोप पुरेशी आहे आणि ज्यांना आपली स्वप्ने बऱ्यापैकी आठवतात, अशा बहुतेक निरोगी प्रौढांना सजग स्वप्नाचा अनुभव सरावाने घेता येतो. मात्र ठरवलेल्या रात्री तो येईलच अशी खात्री देणारी पद्धत अजून कोणाच्याही हाती लागलेली नाही. २०१२ साली तोपर्यंतच्या पस्तीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्याचाही निष्कर्ष हाच होता.

हा प्रकार खरोखर घडतो की लोक जागे झाल्यावर तशी समजूत करून घेतात, ही शंका फार काळ होती आणि ती रास्तही होती. ती दूर कशी झाली हे थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी पद्धत त्याच माहितीवर उभी आहे. आपल्याला ठसठशीत स्वप्ने पडतात ती मुख्यतः आरईएम झोपेत, म्हणजे बंद पापण्यांखाली डोळ्यांची बुबुळे वेगाने हलत असतात त्या टप्प्यात. शिकागो विद्यापीठातील अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये या झोपेचे वर्णन प्रसिद्ध केले. या टप्प्यात हातापायांचे स्नायू लुळे पडलेले असतात, पण डोळ्यांचे स्नायू मोकळे असतात. इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी नेमका याचाच उपयोग केला. स्वप्नात असल्याचे लक्षात आल्यावर डोळे ठरवून डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, असे त्यांनी अ‍ॅलन वर्स्ली या स्वयंसेवकाला झोपण्यापूर्वी सांगून ठेवले होते. एप्रिल १९७५ मध्ये एका सकाळी, वर्स्ली गाढ आरईएम झोपेत असल्याचे यंत्रे दाखवत असतानाच, कागदावर ठरलेल्या त्या खुणा उमटल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन लाबर्ज यांनी पुढे स्वतंत्रपणे हीच गोष्ट सिद्ध केली आणि १९८१ मध्ये ती प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये तर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स या चार देशांतील प्रयोगशाळांनी झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारून स्वप्नातूनच उत्तरे मिळवली. त्यातील एका तरुणाला झोपेत ‘आठ वजा सहा’ असे विचारले गेले आणि त्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिले.

शिकता येण्याच्या प्रश्नाबाबत लाबर्ज यांचाच अनुभव सर्वांत बोलका आहे. सरावापूर्वी त्यांना अशी स्वप्ने महिन्याला जेमतेम एखादे पडत असे. पद्धतशीर सराव सुरू केल्यावर तीन वर्षांत त्यांनी ३८९ सजग स्वप्नांची नोंद केली. अर्थात, हे एका अत्यंत चिकाटीच्या माणसाचे उदाहरण आहे आणि त्यावरून सर्वांबद्दल काही ठरवता येत नाही. सर्वसामान्यांचे चित्र पाहायचे तर पन्नास वर्षांतील सर्वेक्षणे एकत्र करून २०१६ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी सजग स्वप्न पडलेले असते आणि सुमारे २३ टक्क्यांना ते महिन्यातून एकदा किंवा अधिक वेळा पडते. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांना हा अनुभव काहीही न शिकता आपोआप आलेला असतो. दुःस्वप्नात घाबरल्यावर ‘हे खरे नाही, आता जागे व्हायचे’ असे स्वतःला सांगून डोळे उघडल्याचे ज्यांना आठवते, त्यांनी हा उंबरठा लहानपणीच ओलांडलेला असतो.

आधी झोप, मग स्वप्न

सरावाला लागण्यापूर्वी रात्रीची रचना समजून घ्यावी. आपली झोप साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांतून जाते आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटाकडे आरईएमचा टप्पा येतो. पहिल्या आवर्तनात तो काही मिनिटांचाच असतो. रात्र सरते तसा तो लांबत जातो आणि पहाटेनंतर अर्ध्या तासाहूनही मोठा होऊ शकतो. पहाटे पडलेली स्वप्ने खरी होतात असे आपल्याकडे मानतात. ती खरी होवोत न होवोत, सर्वांत लांब, सर्वांत रंगलेली आणि जागे झाल्यावर लक्षात राहणारी स्वप्ने पहाटेचीच असतात, एवढे त्या समजुतीमागचे निरीक्षण अचूक आहे.

यातून निघणारा व्यावहारिक अर्थ असा की, जो माणूस रात्री एकला झोपून सहाला गजराने उठतो, तो स्वप्नांचा सर्वांत मोठा वाटा दररोज कापून टाकत असतो. त्याने कोणतीही पद्धत वापरली तरी तिला काम करायला वेळच उरत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे काही साधण्याचा प्रयत्न न करता फक्त झोपेची वेळ सुधारावी. सात ते आठ तास अंथरुणात मिळतील आणि उठण्याची वेळ रोज साधारण एकच राहील, असे पाहावे. रात्रीचे मद्यपान आरईएम झोप दडपते, त्यामुळे सरावाच्या काळात ते टाळलेलेच बरे. दुपारच्या वामकुक्षीकडून फार अपेक्षा ठेवू नये. जेवणानंतरच्या वीस मिनिटांच्या डुलकीत सहसा आरईएमपर्यंत पोहोचता येत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी पुन्हा घेतलेली झोप या कामासाठी तिच्यापेक्षा कितीतरी सरस असते.

स्वप्नांची वही

ज्यांना स्वप्ने आठवतच नाहीत, त्यांना सजग स्वप्न पडले तरी ते सकाळपर्यंत पुसले गेलेले असेल. म्हणून स्वप्नांची वही ही या विद्येची पायाभरणी आहे, आणि नेमकी हीच पायरी लोक सर्वांत आधी गाळतात. हर्वे द सां-देनी या फ्रेंच अभ्यासकाने तेराव्या वर्षापासून स्वप्ने लिहून ठेवायला सुरुवात केली होती, आणि आपण स्वप्नात आहोत हे त्याला स्वप्नातच कळले ते दोनशेहून अधिक रात्रींच्या नोंदी झाल्यानंतर. त्याने १८६७ मध्ये प्रसिद्ध केलेले विवेचन आजही वाचण्याजोगे आहे, कारण त्याच्याकडे यंत्रे नव्हती. होती ती फक्त वही आणि चिकाटी.

वही आणि पेन उशाशी ठेवावे. मोबाइलमध्ये लिहायला हरकत नाही, पण व्यवहारात असे होते की स्क्रीन उघडताच रात्रभरात आलेले संदेश दिसतात आणि स्वप्न त्या क्षणी विरून जाते. जाग आल्यावर डोळे मिटलेलेच ठेवावेत, कुशीही बदलू नये, आणि ‘आत्ता मी कुठे होतो, कोणाशी बोलत होतो’ एवढेच स्वतःला विचारावे. बहुधा स्वप्नाचा शेवट आधी हाती लागतो. त्याला धरून मागे मागे जावे. काहीच आठवले नाही तर मनात उरलेली भावना लिहावी. ‘कसली तरी घाई होती’ एवढी एक ओळही चालते. अशा नोंदींच्या एक-दोन आठवड्यांत बहुतेकांच्या वहीत रोज निदान एक स्वप्न जमू लागते.

नोंद कशी असावी, हे उदाहरणानेच स्पष्ट होईल. समजा, एखाद्याने असे लिहिले: ‘दहावीचा गणिताचा पेपर. वर्ग जुन्या शाळेतला, पण बाकांवर ऑफिसमधली माणसे. माझ्याकडे हॉलतिकीट नाही. बाहेर व्हरांड्यात आजोबा खुर्चीवर बसलेले. घड्याळात अकरा, परत पाहिले तर सव्वातीन.’ या पाच ओळींत कामाच्या चार गोष्टी आहेत. वयाच्या चाळिशीत दहावीचा पेपर, चुकीच्या ठिकाणी चुकीची माणसे, हयात नसलेले आजोबा आणि क्षणात बदललेले घड्याळ. अशा विसंगतींखाली लाल पेनाने रेघ मारावी. महिनाभराची वही चाळली की त्याच त्या खुणा पुन्हा पुन्हा येताना दिसतात. कोणाच्या स्वप्नात नेहमी लोकल सुटते, कोणाचे दात पडतात, कोणी गर्दीत अनवाणी असतो, कोणी विकून टाकलेल्या घरात परत राहायला गेलेला असतो. या खुणा ज्याच्या त्याच्या असतात आणि कोणत्याही तयार यादीतून त्या मिळत नाहीत. पुढच्या पायरीसाठी लागणारा कच्चा माल हाच आहे, त्यामुळे वहीसाठी तीन-चार आठवडे द्यायला मागेपुढे पाहू नये.

दिवसा करायची खातरजमा

स्वप्नातल्या विसंगती स्वप्नात असताना का खटकत नाहीत? आरईएम झोपेत मेंदूच्या पुढच्या भागातील, विशेषतः तर्क, नियोजन आणि स्वतःच्या विचारांवर नजर ठेवण्याचे काम करणाऱ्या केंद्रांची हालचाल मंदावलेली असते. त्यामुळे वारलेले आजोबा समोर बसलेले पाहूनही आपण त्यांना चहा विचारतो. ही चिकित्सा दिवसा अंगवळणी पडली तर तिचा अंश स्वप्नातही उतरेल, या विचाराने जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोलाय यांनी दिवसातून अनेकदा ‘मी आत्ता जागा आहे की स्वप्नात आहे?’ असा प्रश्न गांभीर्याने विचारण्याची पद्धत मांडली.

प्रश्नाला जोड म्हणून एखादी शारीरिक चाचणी करतात. माझ्या मते सर्वांत खात्रीची चाचणी नाकाची आहे: तोंड मिटावे, दोन बोटांनी नाकपुड्या घट्ट दाबाव्यात आणि श्वास घेऊन पाहावा. जागेपणी तो घेता येत नाही. स्वप्नात बहुधा दाबलेल्या नाकातूनही श्वास खुशाल येतो, आणि ते इतके विलक्षण वाटते की शंकेला जागा उरत नाही. दुसरी चाचणी वाचनाची. स्टेशनवरचा इंडिकेटर, दुकानाची पाटी किंवा घड्याळ वाचावे, नजर हटवावी आणि पुन्हा वाचावे. स्वप्नातला मजकूर दुसऱ्या वाचनात सहसा तसाच राहत नाही. विजेचे बटण दाबून पाहण्याची चाचणीही प्रसिद्ध आहे, कारण स्वप्नात दिवे अनेकदा बटणाला दाद देत नाहीत. पण मी तिला दुय्यम मानतो, कारण वीज गेलेली असू शकते हा विचार झोपलेल्या मनाला चटकन पटतो.

येथे एक इशारा देणे भाग आहे. दिवसभर यांत्रिकपणे नाक दाबत राहिल्याने काहीही होत नाही. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या डेनहोम अ‍ॅस्पी यांनी २०१७ मध्ये १६९ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नुसती दिवसाची खातरजमा करणाऱ्या गटाला म्हणण्यासारखा लाभ झाला नाही. म्हणून चाचण्यांची संख्या कमी ठेवावी, पण प्रत्येक वेळी खरोखर थांबावे, आजूबाजूला पाहावे, मी येथे कसा आलो हे आठवावे आणि उत्तर आधीच गृहीत धरू नये. शक्यतो ही चाचणी आपल्या वहीतल्या खुणांशी जोडावी. ज्याला स्वप्नात कायम लोकल चुकते, त्याने रोज प्लॅटफॉर्मवर पाय ठेवताच ती करावी.

पहाटेचा सराव

या सगळ्या तयारीचा उपयोग ज्या पद्धतीत होतो, ती लाबर्ज यांनी विकसित केलेली आहे आणि तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘माइल्ड’ म्हणून ओळखली जाते. तिचे तत्त्व साधे आहे. संध्याकाळी घरी येताना कोथिंबीर आणायची, असे सकाळी ठरवले आणि भाजीवाल्याची गाडी दिसताच ते आठवले, तर स्मरणशक्तीने जे काम केले, तेच काम तिच्याकडून झोपेत करून घ्यायचे. पुढे कधीतरी, विशिष्ट प्रसंगी, एक गोष्ट आठवायची आहे. तो प्रसंग म्हणजे स्वप्न आणि ती गोष्ट म्हणजे ‘हे स्वप्न आहे’.

रात्री अकराला झोपणाऱ्याने पहाटे चारचा, म्हणजे साधारण पाच तासांनंतरचा गजर लावावा. गजर हळू आणि हाताच्या अंतरावर असावा, घरातले बाकीचे उठता कामा नयेत. जाग येताच आधी नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे. काही आठवले नाही तर वहीतले अलीकडचे एखादे घ्यावे. उठून पाणी प्यावे, मंद उजेडात ते स्वप्न चार शब्दांत लिहावे, दहा-पंधरा मिनिटे जागे राहावे. मोठा दिवा, मोबाइल आणि घरच्यांशी गप्पा, तिन्ही टाळावीत. मग पुन्हा आडवे होऊन मनात एक वाक्य म्हणावे: ‘पुढच्या स्वप्नात, हे स्वप्न आहे हे मला आठवेल.’ वाक्य जपासारखे पाठ म्हणत सुटू नये. दर वेळी त्याचा अर्थ मनात आणावा. त्याबरोबर त्या स्वप्नात पुन्हा शिरल्याची कल्पना करावी. तोच वर्ग, तेच बाक, व्हरांड्यातले आजोबा. त्यांना पाहताच आपण थांबतो, नाक दाबतो, श्वास आत येतो आणि आपल्याला कळते. वाक्य, कल्पना, पुन्हा वाक्य असे करत झोप लागू द्यावी. मन भरकटले तर रागावू नये, परत वाक्यावर यावे. झोप लागण्यापूर्वीचा शेवटचा विचार तोच असला पाहिजे.

अ‍ॅस्पी यांच्या अभ्यासात दिवसाची खातरजमा, पहाटे उठणे आणि ही पद्धत अशा तिन्हींचा एकत्र वापर करणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे १७ टक्के रात्री सजग स्वप्ने पडली, म्हणजे साधारण सहा रात्रींत एक. पद्धत करून पाच मिनिटांच्या आत ज्यांना पुन्हा झोप लागली, त्यांच्या प्रयत्नांत हे प्रमाण जवळपास ४६ टक्क्यांवर गेले. हे लोक मुळातच या विषयाची ओढ असलेले होते, हे आकडे वाचताना विसरू नये. तरीही दुसरा आकडा फार शिकवून जातो. पद्धत करून झाल्यावर ‘आज झालेच पाहिजे’ या ताणाने तळमळत पडणे सजग स्वप्नाच्या मुळावर येते. किती वेळ जागे राहायचे हे म्हणूनच ज्याने त्याने ठरवावे. ज्याला पडताक्षणी झोप लागते त्याला वाक्य मनात रुजण्याआधीच झोप येऊन सराव वाया जाऊ शकतो, त्याने थोडे अधिक जागे राहावे. ज्याची झोप सहज उडते त्याने अंथरुणातून न उठताच दोन मिनिटांत पद्धत उरकावी.

ज्या गावांत नळाला पहाटे पाणी येते, तेथे पाणी भरून पुन्हा तासभर पडणारी कितीतरी माणसे आहेत. तान्ह्या बाळाच्या आया तर रात्रीतून अनेकदा उठतातच. अशांनी वेगळा गजर लावण्याची मुळीच गरज नाही. जी जाग आहे तिचाच उपयोग करावा. साडेसहाची गाडी पकडणाऱ्यांनी हा प्रयोग शनिवारी आणि रविवारी पहाटेपुरता ठेवावा. आठवड्यातून दोन रात्री पुरेशा आहेत, आणि रोज झोपमोड करून घेणे मी कोणालाही सुचवणार नाही.

जाणीव झाल्यावर पहिले अर्धे मिनिट

पहिले सजग स्वप्न बहुतेकांना काही सेकंदच टिकते. ‘अरे, हे स्वप्न आहे!’ असा आनंद होतो आणि त्या आनंदानेच जाग येते. म्हणून काय करायचे ते आधीच ठरवून ठेवावे. कळताच काहीही मोठे करायला जाऊ नये. स्वप्नातले दोन्ही तळवे एकमेकांवर चोळावेत आणि त्यांची ऊब जाणवू द्यावी, किंवा जवळची भिंत, झाडाचे खोड, जमीन हाताने चाचपावी. नजर एकाच वस्तूवर खिळवून ठेवू नये, ती फिरती ठेवावी. दृश्य विरळ होऊ लागले तर स्वप्नातल्या शरीराने जागच्या जागी गिरकी घ्यावी; लाबर्ज यांनी सुचवलेला हा उपाय चमत्कारिक वाटतो, पण त्यांच्या प्रयोगात स्वप्न टिकवण्यासाठी तळवे चोळणे आणि गिरकी घेणे या दोहोंचा उपयोग झाला होता. मनातल्या मनात ‘हे स्वप्न आहे’ असे अधूनमधून म्हणत राहावे, नाहीतर जाणीव निसटते आणि आपण पुन्हा कथेत वाहून जातो.

त्यानंतर एखादीच छोटी इच्छा पूर्ण करावी. उडायचे असेल तर आधी अंगणातून दोन हात वर तरंगून पाहावे. दृश्य बदलायचे असेल तर समोरच्या दारापलीकडे हवी ती जागा आहे असे मानून दार उघडावे. हवेतून काही निर्माण करण्यापेक्षा दाराआड शोधणे मनाला सोपे जाते. स्वप्नाला आज्ञा देता येतात, पण ते प्रत्येक आज्ञा पाळत नाही, आणि जाणीव असणे व ताबा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती जाणीव ठेवून स्वप्न पाहत राहणे हादेखील पूर्ण अनुभव आहे. माझ्या दृष्टीने तोच अधिक समृद्ध अनुभव आहे, कारण आपलेच मन न विचारता काय काय रचते, हे त्यात जवळून पाहायला मिळते.

या विद्येचा खरा मोलाचा उपयोग वारंवार येणाऱ्या दुःस्वप्नांवर होऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याकडे वळून ‘तू कोण आहेस?’ असे विचारता आले तर त्या स्वप्नाची दहशत ओसरते, असा अनेकांचा अनुभव आहे. २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात, हे प्रशिक्षण घेतलेल्यांची दुःस्वप्ने कमी झाली. लक्षणीय गोष्ट अशी की, ज्यांना प्रत्यक्ष सजगता साधली नाही त्यांनाही फायदा झाला. दुःस्वप्नाचा शेवट बदलता येतो हा विश्वास आणि दिवसा केलेली त्याची उजळणी यांचाही वाटा त्यात असावा. मात्र एखाद्या आघातामुळे अशी स्वप्ने पडत असतील, तर एकट्याने प्रयोग न करता मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे.

गोळ्या, उपकरणे आणि ध्यान

बाजारात डोळ्यांवर बांधायचे, झोपेत दिवे चमकवणारे पट्टे मिळतात. आरईएमच्या वेळी बाहेरून दिलेला प्रकाश स्वप्नात शिरतो हे खरे आहे, पण त्याचा अर्थ ओळखायला मन तयार नसेल तर तो उजेड स्वप्नात गाडीचा दिवा होऊन निघून जातो. वही आणि पहाटेचा सराव जमल्याखेरीज त्यावर पैसे घालवू नयेत.

गोळ्यांबाबत अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. गॅलँटामीन या औषधाचा परिणाम २०१८ मध्ये १२१ जणांवर तपासला गेला. त्यात औषधविरहित गोळी घेतलेल्या रात्री १४ टक्के, चार मिलिग्रॅमच्या रात्री २७ टक्के आणि आठ मिलिग्रॅमच्या रात्री ४२ टक्के लोकांना सजग स्वप्ने पडली. परिणाम खरा आहे. परंतु हे अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे औषध आहे. त्याने मळमळ होऊ शकते, हृदयाच्या ठोक्यांची गती मंदावू शकते, दम्याच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो. एका स्वप्नासाठी ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते. स्वप्ने आठवावीत म्हणून बी-६ जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेण्याची टूमही आहे. दीर्घकाळ असे डोस घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होते.

ध्यान करणारे अनेक जण विचारतात की त्याचा उपयोग होतो का. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, अनेक वर्षे ध्यान करणाऱ्यांना सजग स्वप्ने अधिक पडत असल्याचे दिसले, मात्र नवख्यांना आठ आठवड्यांचे प्रशिक्षण दिल्यावर तशी वाढ झाली नाही. तेव्हा इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून आल्यावर लगेच स्वप्नात जाग येईल अशी अपेक्षा ठेवू नये; आणि शिबिराचा हेतूही तो नसतो. तिबेटी बौद्ध परंपरेत स्वप्नयोगाची साधना शतकानुशतके चालत आलेली आहे, पण तेथेही ती गुरूच्या देखरेखीखाली चालणाऱ्या दीर्घ साधनेचा एक भाग आहे.

कोणी करू नये

स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम मनोविकार असलेल्यांनी, तसेच खरे आणि आभास यांत गल्लत होण्याचा पूर्वीचा अनुभव असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. दिवसभर ‘हे खरे आहे का?’ असे विचारत राहणे त्यांच्यासाठी घातक ठरू शकते. निद्रानाशाच्या रुग्णांनी झोप सुधारेपर्यंत थांबावे. फिट्स येणाऱ्यांनी झोपमोड करणारा कोणताही प्रयोग टाळावा, कारण अपुरी झोप हेच फिट येण्याचे एक कारण असते. झोपेत घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे असा त्रास असेल तर आधी त्याची तपासणी करून घ्यावी.

पहाटे उठून पुन्हा झोपणाऱ्यांना कधी कधी आणखी एक अनुभव येतो: जाग आली आहे, खोली दिसते आहे, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते. मन जागे झाले आणि आरईएममधले स्नायूंचे लुळेपण मात्र क्षणभर रेंगाळले, की असे होते. यात बाधा किंवा भूत काही नाही आणि सहसा काही सेकंदांत ते आपोआप सुटते. त्या वेळी धडपड न करता श्वासावर लक्ष ठेवावे आणि एका बोटाचे टोक हलवण्याचा प्रयत्न करावा. उताणे झोपल्यावर हे अधिक वेळा होते, म्हणून ज्यांना त्याचा त्रास वाटतो त्यांनी पहाटेच्या सरावानंतर कुशीवर झोपावे.

किती दिवस वाट पाहावी, याचे एक उत्तर नाही. कोणाला पहिल्या पंधरवड्यात अनुभव येतो, तर कोणाला काही महिने लागतात. वही नीट चालू असेल, झोप पुरेशी असेल आणि आठवड्यातून दोन पहाटे सराव होत असेल, तर मी तीन महिन्यांची मुदत योग्य मानतो. तेवढ्यात काही हाती लागले नाही तर पहाटेचा गजर बंद करून महिनाभर फक्त वही चालू ठेवावी. अनेकदा ताण उतरल्यावर पहिले सजग स्वप्न अशा विश्रांतीच्या काळातच पडते. दिवसा थकवा जाणवू लागला, गाडी चालवताना डोळे जड होऊ लागले, किंवा एखादी घटना खरी घडली की स्वप्नात असा गोंधळ दोन-तीनदा झाला, तर मात्र मुदतीची वाट न पाहता सराव त्याच दिवशी थांबवावा आणि झोप पूर्ववत झाल्यावरच पुन्हा सुरू करावा.